म्हातारी शेळी करडांत सोडावी का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत, लहानमोठ्या धरून तीसेक. दिवसा गायरानात आणि बांधाला चरतात, संध्याकाळी कुटी आणि तुरीचा भुस्सा. यंदा मिस्टरांनी मोबाईलवर बघून करडांसाठी वेगळा गोठा केला. फळ्यांचा मचाण, एकदम स्वच्छ. करडू तिसऱ्या दिवशी आईपासून तोडायचं, बाटलीवर दूध पाजायचं, आणि आजार लागू नये म्हणून मोठं जनावर तिकडं फिरकूच द्यायचं नाही. तरीही करडं महिन्याची झाली की हगवण लागते. दोन महिन्यांनी दूध तोडलं की पुढं कितीतरी दिवस अंग धरत नाहीत, नुसती पोटं सुटतात. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी करडांत एक म्हातारी शेळी असायची, तिचं बघून ती खायला शिकायची आणि त्यांचं पोट बसायचं. त्यासाठी त्यांनी आमची सगळ्यात जुनी शेळी निवडून ठेवलीय. ती आठेक वर्षांची आहे, खाते भरपूर, पण गेलं वर्षभर वाळतच चाललीय. मिस्टर म्हणतात, हा अडाणीपणा आहे. औषध दुकानदार म्हणतो, करडांच्या पोटात चांगले जंतू नसतात आणि म्हाताऱ्या जनावराचे जंतू थकलेले असतात, म्हणून सगळ्यांनाच प्रोबायोटिक पावडर चालू करा. केली, पैसे गेले, फरक काही नाही. मध्ये हगवणीवर माणसांच्या गोळ्याही कुटून दिल्या. खरं कुणाचं धरायचं? घरात यावरून रोज वाजतं.
– एक वाचक, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर :

ताई, आधी निकाल सांगते, मग कारणं. सासूबाईंची पद्धत बरोबर आहे, पण त्यांनी निवडलेली शेळी साफ चुकीची आहे. मिस्टरांचा मचाण चांगला, पण तिसऱ्या दिवशी करडू तोडण्यानं काही साधत नाही. दुकानदारानं करडांबद्दल सांगितलं ते अर्धंमुर्धं खरं आहे, म्हाताऱ्या शेळीबद्दल सांगितलं ते त्याच्या गल्ल्याच्या सोयीचं आहे. आणि एक काम हे सगळं वाचून व्हायच्या आधी करा. ती वाळलेली शेळी आजच करडांपासून आणि गाभण शेळ्यांपासून वेगळी बांधा. का, ते पुढे येईलच.

आता करडाच्या पोटात काय चालतं ते बघू. शेळीला चार कप्प्यांचं पोट असतं हे तुम्हाला माहीत आहे. मोठ्या शेळीत यातलं पहिलं, कोटीपोट, सगळ्यात मोठं. चारा तिथं आंबतो आणि तिथूनच रवंथाला वर येतो. पण नुकत्याच जन्मलेल्या करडाचं कोटीपोट लहान, सैल आणि बिनकामाचं असतं. त्याचं सगळं चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटावर चालतं. करडू सड चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या तोंडाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. म्हणून पहिले काही आठवडे शेळीचं करडू पोटानं शेळी नसतंच, ते आपल्यासारखंच एकपोटी असतं.

त्या वयातले त्याच्या आतड्यातले जिवाणूही तसेच, दुधावर जगणारे. लॅक्टोबॅसिलस, स्ट्रेप्टोकॉकस आणि मोठ्या संख्येनं ई. कोलाय. हे बहुतेक थोडाफार प्राणवायू चालवून घेणारे असतात. असलेला प्राणवायू ते संपवतात आणि मग ज्यांना प्राणवायू अजिबात सोसत नाही अशा खऱ्या चारापचाऊ जिवाणूंना जागा होते. करडू जसं पाला तोंडात घ्यायला लागतं तसे दुधावरचे मागे पडत जातात आणि प्रेव्होटेला, रुमिनोकॉकस, फायब्रोबॅक्टर अशी मंडळी वाढतात. यातले शेवटचे दोन काडीकडब्यातला चिवट भाग फोडणारे. मोठ्या जनावराच्या कोटीपोटातल्या एका मिलिलिटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात आणि लाखांच्या हिशेबात प्रोटोझोआ, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसणारे एकपेशी जीव. शेळीला लागणारी बहुतेक ऊर्जा हेच चारा आंबवून देतात. पुढच्या पोटांत वाहून गेले की पचून तिची प्रथिनंही होतात.

मग हे येतात कुठून? दुकानदार म्हणतो तसं करडू त्यांच्यावाचून कोरडं असतं का? नाही. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक दिवसाच्या, तीन दिवसांच्या, दोन महिन्यांच्या, सहा महिन्यांच्या आणि दोन वर्षांच्या गायी-वासरांच्या कोटीपोटातले जिवाणू त्यांनी ताडून पाहिले. चारा पचवायला लागणारे काही जिवाणू एक दिवसाच्या वासरातही सापडले, त्यानं गवताची काडी पाहिलेली नसताना! जन्मताना आईच्या मार्गातून, तिच्या चाटण्यातून, सडाच्या कातडीवरून, गोठ्यातल्या जमिनीवरून हे बी आधीच पडलेलं असतं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. लहान वासरांच्या पोटातले जिवाणू एकमेकांपासून फार वेगळे होते, प्रत्येकाचं निराळंच. वय वाढलं तसे जिवाणूंचे प्रकार वाढले आणि सगळ्या जनावरांची पोटं एकमेकांसारखी होत गेली. म्हणजे लहानपणी सगळं अजून ठरायचं असतं, मोठेपणी ते ठरून गेलेलं असतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली इथं आहे.

गोबरगॅस तुम्ही चालू होताना पाहिला असेल. नवी टाकी नुसत्या शेणपाण्यानं भरली तरी गॅस धरते, पण वेळ लावते. शेजारच्या चालू टाकीतली दोन घमेली मळी आणून ओतली की लवकर धरते. आई आणि कळपातल्या मोठ्या शेळ्या करडासाठी ती चालू टाकी आहेत. चाटताना, एकाच गव्हाणीत तोंड घालताना, मोठ्या शेळीनं अर्धवट चघळून टाकलेला पाला उचलताना तिची लाळ करडाच्या तोंडात जाते, आणि रवंथ करणाऱ्या जनावराची लाळ म्हणजे कोटीपोटातला मालच.

प्रोटोझोआचं तर याशिवाय चालतच नाही. ते हवेत किंवा जमिनीवर फार टिकत नाहीत, तोंडातून तोंडातच जातात. मोठ्या जनावरांपासून पूर्ण तोडून वाढवलेल्या वासरांत ते महिनोन्महिने येत नाहीत, हे जुन्या प्रयोगांतून पक्कं झालेलं आहे. (प्रोटोझोआ नसले म्हणून जनावर मरत नाही, तेही सांगून ठेवते. ते नसलेली जनावरं नीट जगतात. पण त्यांचं नसणं ही करडू मोठ्यांच्या संगतीला मुकल्याची खूण असते.) स्पेनमध्ये ग्रॅनाडाच्या संशोधकांनी बाटलीवरच्या करडांना मोठ्या शेळ्यांच्या कोटीपोटातलं ताजं पाणी पाजून पाहिलं. ती करडं चाऱ्याला आणि खुराकाला लवकर लागली, दूध तोडण्याचा काळ त्यांना सोपा गेला. सासूबाईंनी तेच पाणी शेळीच्या तोंडून पाजायचा मार्ग सांगितला, बिनखर्चाचा.

एका जनावराच्या पोटातले जिवाणू दुसऱ्याला देता येतात याचा माझ्या मते सगळ्यात झणझणीत दाखला सुबाभळीचा आहे. तुमच्या बांधावर ती असणारच. सुबाभळीत मिमोसिन असतं. ऑस्ट्रेलियात गुरांना सुबाभूळ भरपूर चारली की केस गळायचे, गळ्याची ग्रंथी सुजायची, वजन उतरायचं. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला रोज खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स नावाच्या संशोधकानं फरक शोधला. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात हे विष फोडणारा एक जिवाणू होता, ऑस्ट्रेलियात तो नव्हता. १९८० च्या दशकात त्या शेळ्यांच्या कोटीपोटातला माल ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिला आणि ती सुबाभूळ पचवू लागली. कळपातल्या थोड्यांना दिला की बाकीच्यांत तो आपोआप पसरायचा. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. आपल्याकडे मी तरी सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देत नाही, गाभण शेळीला त्याहून कमी.

मग मिस्टरांचं पूर्ण चुकलं का? तसं नाही. मोठ्या शेळीच्या लाळेतून चांगलं येतं तसं तिच्या लेंडीतून वाईटही येतं. जंत आणि कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यात वाढणारा एकपेशी परजीवी. महिन्याच्या आसपास सुरू होणारी हगवण ऐकली की माझा पहिला संशय कॉक्सिडियावर जातो, जिवाणूंच्या कमतरतेवर नाही. करडानं तो गिळला की हगवण लागायला दोन-तीन आठवडे लागतात, तुमचा हिशेब त्यात बसतो. मचाण असूनही तो कसा लागतो विचाराल, तर मचाणावर करडांची खाण्याची टोपली आणि पाण्याचं भांडं कुठं ठेवलंय ते बघा. फळीवर ठेवलं असेल तर करडं त्यात चढतात, त्यातच लेंड्या टाकतात आणि तेच खातात. एकमेकांचं एकमेकांना, मोठ्या शेळीची गरजच नाही. भांडी करडाच्या खांद्याच्या उंचीला बाहेरून टांगा, मान घालता येईल पण पाय घालता येणार नाही अशी. हगवणीच्या दोन-तीन करडांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. कॉक्सिडिया निघाला तर त्याचं औषध वेगळं आहे, जंताच्या औषधानं तो जात नाही.

हगवणीचं दुसरं कारण बाटली असू शकते. दूध गार असेल, घाईनं ओतलं जात असेल किंवा करडू चोखत नसताना तोंडात सोडलं जात असेल, तर ती पन्हळ नीट मिटत नाही आणि दूध कोटीपोटात सांडून तिथं नासतं. पोट सुटणं, आंबूस वास, मातकट पातळ हगवण, हे त्याचं रूप. दूध अंगाइतकं कोमट, बाटलीचं बूच लहान भोकाचं, आणि बाटली शेळीच्या सडाच्या उंचीला धरायची, म्हणजे करडाची मान आईला पिताना होते तितकीच वर राहते.

पण मला तुम्हाला विचारायचंय, बाटली हवी कशाला? उस्मानाबादी मुख्यतः मटणासाठी सांभाळायची जात. दूध डेअरीला घालत नसाल तर करडू आईपासून तोडून मिळवायचं काय? ज्या चित्रफिती मिस्टरांनी पाहिल्या असतील त्या बहुधा दुधाच्या शेळ्यांच्या गोठ्यांच्या आहेत. तिथं दूध विकायचं असतं, म्हणून तोडतात. तुम्ही करडू आईजवळ ठेवा. तीन करडं झाली किंवा आई आटली तर तेवढ्यापुरती बाटली. दिवसा शेळ्या चरायला गेल्यावर करडं मचाणावर राहू देत, संध्याकाळी आईबरोबर. मिस्टरांचा मचाण वाया जात नाही आणि करडाला आईची लाळ मिळते.

चिकाबद्दल वेगळं सांगते, कारण तिथं घड्याळ चालतं. शेळीच्या पोटात असताना करडाला आईच्या रक्तातून रोगाशी लढणारे घटक मिळत नाहीत. ते सगळे चिकातून येतात, आणि आतडं ते आत घेतं ते साधारण पहिल्या चोवीस तासांपुरतंच, त्यातही पहिले सहा तास सोन्याचे. करडाच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसभरात, चार-पाच वेळा विभागून गेला पाहिजे. अडीच किलोच्या करडाला पाव लिटर. खरवसासाठी काढायचाच असेल तर करडं पिऊन तृप्त झाल्यावर उरलेला काढा.

दुसऱ्या आठवड्यापासून करडांसमोर कोवळा पाला टांगायला लागा. शेवरी, बोर, बाभूळ, लसूणघास, जे असेल ते, शेंड्याकडचं. सोबत चिमूटभर खुराक, मक्याचा भरडा आणि पेंड मिसळून. यामागे एक मजेशीर गोष्ट आहे. कोटीपोट आतून खरखरीत होतं, बोटांसारखे बारीक उंचवटे उगवतात आणि त्यांतून पोषण शोषलं जातं. हे उंचवटे वयानं उगवत नाहीत. धान्य आंबल्यावर जिवाणू जी आम्लं तयार करतात, विशेषतः ब्युटिरिक आम्ल, त्यांच्या चेतवण्यानं उगवतात. नुसत्या दुधावर दोन-तीन महिने ठेवलेल्या वासराचं कोटीपोट आतून गुळगुळीतच राहतं. पाल्यानं पोटाचा आकार आणि स्नायू वाढतात, खुराकानं अस्तर तयार होतं. दोन्ही लागतं. तिसऱ्या आठवड्याच्या पुढेमागे करडू रवंथ करताना दिसायला लागतं. निवांत बसलेल्या करडाचा खालचा जबडा आडवा हलताना दिसला की समजा, आतलं काम सुरू झालं.

तुमची करडं दूध तोडल्यावर का खुंटतात, हे आता तुम्हीच सांगाल. दोन महिने फक्त बाटली, मोठ्या शेळीशी गाठ नाही, पाला उशिरा, आणि मग एका दिवसात दूध बंद करून समोर कुटी आणि तुरीचा भुस्सा. कोटीपोट तयार नाही, त्यातले जिवाणू दुधाचे. भुस्सा आत साठतो, पचत नाही. पोट सुटलेलं आणि पाठ कोरडी. (जंत आणि कॉक्सिडियानंही पोट सुटतं, म्हणून लेंड्या तपासणं टाळू नका.) दूध तोडताना वय मोजू नका. जन्माच्या वजनाच्या अडीचपट तरी वजन झालंय का आणि करडू रोज मूठ-दोन मूठ खुराक निमूट संपवतं का, ते बघा. मग आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करून दूध कमी करा. भुस्सा तीन महिन्यांच्या आत मुख्य चारा नकोच.

संगतीला शेळी निवडायचीच तर कुठली? तीन-चार वर्षांची, भाकड, अंगानं भरलेली, चरण्यात पटाईत, स्वभावानं मारकी नसलेली. तिच्या लेंड्या तपासून जंताचं औषध झालेलं, पीपीआर या साथीच्या रोगाची आणि आंत्रविषाराची लस टोचलेली. दिवसातले काही तास सोडली तरी पुरे.

आता तुमच्या त्या आठ वर्षांच्या शेळीकडे येऊ. तिच्या पोटातले जंतू थकले म्हणून ती वाळली का? जिवाणूंना म्हातारपण येत नाही ताई. त्यांच्या पिढ्या तासातासाला बदलतात. तिच्या पोटातला आजचा जिवाणू कालही जन्मला नव्हता.

मोठ्या जनावराचं पोट एकदा बसलं की ते किती हट्टी असतं, याचा एक प्रयोग अमेरिकेत विस्कॉन्सिनला झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन गायींच्या कोटीपोटातला जवळजवळ सगळा माल काढून एकीचा दुसरीत आणि दुसरीचा पहिलीत भरला. एका दिवसात दोघींच्या पोटाचं आम्लमान आपापल्या जुन्या जागी परत आलं, आणि काही आठवड्यांत जिवाणूंची ठेवणही आपापल्या जुन्या वळणावर गेली. बादल्या भरभरून दुसरीचे जिवाणू ओतले तरी गाय आपलंच खरं करते, तर चमचाभर पावडर काय करणार? यीस्टची पावडर रोज दिली तर भरपूर खुराक खाणाऱ्या दुभत्या गायीत थोडा उपयोग होतो, हे मान्य. पण ते यीस्ट पोटात मुक्काम करत नाही, देणं थांबलं की गेलं. पाल्यावरच्या शेळीला तो खर्च मी सांगणार नाही. ते पैसे करडांच्या खुराकात घाला.

मोठेपणी पोटातले जिवाणू बदलतात ते मुख्यतः चाऱ्यामुळे. जगभरातल्या ३५ देशांतली, ३२ प्रजातींची ७४२ जनावरं घेऊन २०१५ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिचा सारांश हाच की मुख्य जिवाणू सगळीकडे तेच, त्यांचं प्रमाण ठरतं ते जनावर काय खातं त्यावर. म्हणून चारा बदलाल तो दोन-तीन आठवडे घेऊन, जुन्यात नवा मिसळत. सुगीत शेळी ज्वारीच्या किंवा मक्याच्या ढिगात शिरली की तेच जिवाणू काही तासांत आम्ल ओकून तिला आडवी करतात. आणि आतड्यात एरवी गुपचूप राहणारा आंत्रविषाराचा जंतू कोवळ्या भरगच्च चाऱ्यावर एकदम फोफावतो. म्हणूनच त्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचतात.

तर मग म्हातारी शेळी वाळते कशानं? सगळ्यात साधं कारण, दात. तिचं तोंड उघडून पुढचे खालचे दात बघा. पडलेत, हलतात, झिजून खुंट झालेत? आता गालावरून, बाहेरूनच, दाढांच्या रेषेवर बोटं दाबत जा. टोकं लागतात का, एखाद्या जागी ती मान झटकते का? तोंडात बोट घालू नका, दाढा कातरीसारख्या असतात. मग तिच्या मूठभर लेंड्या चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा आणि शेजारी एखाद्या चार दाती शेळीच्या लेंड्याही धुवा. तरुण शेळीच्या चाळणीत बारीक चुरा राहील. म्हातारीच्या चाळणीत काड्या जशाच्या तशा दिसल्या तर चघळणं संपलंय. जिवाणू काडीला चिकटून काम करतात. काडी जितकी फुटलेली तितकी त्यांना जागा जास्त. शिवाय चघळणं कमी झालं की लाळ कमी, आणि कोटीपोटातलं आम्ल मारतो तो सोडा लाळेतूनच येतो. म्हणजे जिवाणूंची कुमक करायची तर दातांचं काम आपण करायचं. बारीक कुटी, कोवळा पाला, भरडा तासभर भिजवून, दिवसातून तीनदा थोडा थोडा. कडक भुस्सा बंद. दात हेच कारण असेल तर महिन्याभरात पाठीवर हात फिरवताना फरक लागेल.

दुसरं कारण जंत. खालची पापणी उलटून बघा. लालसर गुलाबी हवी, पांढुरकी असेल तर रक्त पिणाऱ्या जंतांचा संशय धरा.

तिसरं कारण ज्यासाठी मी तिला वेगळी बांधायला सांगितलं ते. खाते भरपूर, ताप नाही, वर्षभर हळूहळू वाळत चाललीय, या वर्णनानं मला जोहनीज रोगाची धास्ती वाटते. क्षयाच्या जातकुळीतला जंतू, आतड्याच्या अस्तरात घर करतो आणि ते इतकं जाड करतो की खाल्लेलं अंगी लागत नाही. गायीला यात हगवण लागते, शेळीला बऱ्याचदा लागतच नाही, नुसती वाळत जाते. त्यामुळे तो लपून राहतो. मथुरेजवळ मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत यावर वर्षानुवर्षं काम चाललंय, इतका तो आपल्या देशातल्या शेळ्यांत आहे. याची खोड अशी की लागण होते ती बहुधा कोवळ्या वयात, लेंडीनं माखलेल्या सडातून, दुधातून, चाऱ्यातून. आजार दिसतो तो कित्येक वर्षांनी. ज्या कोवळ्या वयात करडाचं पोट चांगल्या जिवाणूंना दार उघडं ठेवून असतं, त्याच वयात हा पाहुणाही आत येतो. सासूबाईंची म्हातारी शेळी करडांत सोडली असती आणि तिला हा रोग असता, तर त्याचं बिल तीन-चार वर्षांनी आलं असतं.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. माणसांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या कुटून रवंथ करणाऱ्या शेळीच्या तोंडात घालू नका. हगवण करणारा जंतू मरेल न मरेल, कोटीपोटातले कामाचे जिवाणू मात्र हकनाक मरतात आणि शेळी दोन-चार दिवस खाणंच सोडते. तसं झालं, रवंथ थांबलं, डावी कूस हाताला मुकी लागली, म्हणजे कोटीपोटाची हालचाल जाणवली नाही, तर आमच्याकडे निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं कोमट पाणी गाळून आजारी जनावराला पाजायचा उपाय आहे. तो डॉक्टरांकडूनच करून घ्या. नळी श्वासनलिकेत गेली तर शेळी हातची जाते.

म्हातारीच्या रक्ताची आणि लेंडीची जोहनीजसाठी तपासणी करायला दवाखान्यातून नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगा. अहवाल येईपर्यंत तिची गव्हाण आणि पाणी वेगळं, तिच्या लेंड्या करडांच्या चाऱ्याच्या रानात टाकायच्या नाहीत. तपासणी एकदा निर्दोष आली तरी काही महिन्यांनी पुन्हा करा, या रोगात पहिली तपासणी चकवते. सदोष आली तर तिला बाजारात नेऊन दुसऱ्याच्या कळपात घालू नका, पुढं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि तिच्या पोटच्या जितक्या पाठी तुमच्या कळपात आज आहेत, त्यांची यादी सासूबाईंकडून करून घ्या. कुणाची लेक कोण हे घरात त्यांनाच पाठ असणार, आणि पुढची तपासणी त्यांच्यापासून सुरू करायची आहे.